यंत्राला दाखवलेलं ऊन

आमच्या कारंजा गावच्या घरात, रस्त्याकडच्या खोलीत, आईच्या जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर एक सर्व्हर ठेवलेला आहे. त्याला कुणी भंगार म्हटलं की मी भांडते. हळू आवाजात भांडायची मला सवय नाही, त्यामुळे आता गल्लीत तसं कुणी म्हणत नाही. निदान माझ्यासमोर तरी.

तो आला पुण्याच्या कंपनीतून. मी तिथे अशाच यंत्रांची निगा राखायचे. मग कंपनीने सगळा कारभार कुठल्याशा दूरच्या, भाड्याच्या यंत्रांवर हलवला आणि आमच्या ऑफिसातली यंत्रं भंगारवाला येईपर्यंत भिंतीला टेकवून ठेवली. त्यातलं एक माझ्या खास ओळखीचं होतं. त्याचे पंखे मी बदललेले, एकदा भर उन्हाळ्यात एसी बंद पडला तेव्हा त्याच्यासमोर टेबलफॅन धरून मीच उभी राहिलेली. मी साहेबांकडे ते मागितलं. ते हसले. म्हणाले, "घरी नेऊन काय, पोळ्या भाजणार त्याच्यावर?" तरी त्यांनी कागदावर सही केली. आतल्या डिस्क नियमाप्रमाणे काढून नष्ट केलेल्या होत्या. मला मिळाला तो रिकामा सांगाडा. समोर आठ खण, आठही मोकळे.

गोधडीत गुंडाळून मी तो ट्रॅव्हल्सच्या डिकीत चढवला. उचलायला क्लीनर आला, वजनाने वाकला आणि म्हणाला, "ताई, मूर्ती हाय का काय याच्यात?" मी म्हटलं, "हो, जपून ठेवा." सकाळी कारंज्याला उतरवताना त्याने गोधडीला हात लावून तो छातीशी नेला. मला हसू आलं, पण मी त्याचा समज मोडला नाही.

शेजारच्या काकूंनी मात्र गोधडी सोडायच्या आतच विचारलं होतं. "लोकाइच्या पोरी पुण्याहून आल्या तं फ्रिज आनतात, वॉशिंग मशीन आनतात. तू हे काय आनलं वो?" मी सांगितलं, "कपाट." आणि ते खोटं नव्हतं. मला घरात कपाटच हवं होतं, बाबांच्या लग्नांसाठी.

बाबा लग्नाचे व्हिडिओ काढतात. कारंजा, धनज, शिरपूर, मधली सगळी खेडी. कॅमेरा खांद्यावर घ्यावा लागायचा त्या काळापासून ते हे करत आले आहेत. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक लग्नाच्या दोन कॅसेट, एक घरच्यांना आणि एक आपल्या कपाटात. पुढे लोकांच्या घरचे व्हीसीआर मोडीत निघाले, मातीची घरं पाडून सिमेंटची झाली, त्या धबडग्यात कॅसेट कुठे गेल्या ते कुणालाच आठवेना. मग लोक बाबांकडे यायला लागले. "भाऊ, आमच्या लग्नाची हाय का वो तुमच्यापाशी?" बाबा कपाट उघडायचे आणि असायचीच.

कॅसेटला दमट हवा सोसत नाही. पावसाळ्यात तिच्या रिळावर पांढरी बुरशी धरते. त्यावर आईचा इलाज ठरलेला होता. दिवाळीच्या झाडझुडीत गाद्या, गोधड्या, वर्षाची तूर असं सगळं गच्चीवर जाऊन ऊन खाऊन यायचं, त्यात कॅसेटही जायच्या. सकाळचं कोवळं ऊन, खाली चादर, आणि आई काठी घेऊन राखायला बसलेली. कारंज्यातल्या दुसऱ्या शूटिंगवाल्यांच्या कॅसेट केव्हाच गेल्या. आमच्या टिकल्या त्या आईमुळे, हे बाबाही कबूल करायचे. फक्त तिच्यासमोर नाही.

तरी रिळं म्हातारी झाली होतीच. घरून काम करायला मी कायमची कारंज्याला आले, त्याच्या आधीच्या एका सुट्टीत बाबांनी एक कॅसेट लावून दाखवली. नवरदेव घोड्यावर, आणि त्याच्या तोंडावरून पट्टे चाललेले. "दोन-तीन वर्षं जातीन अजून," ते म्हणाले, "मंग सगळेच असे होतीन." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही.

म्हणून ते कपाट. रिकाम्या खणांसाठी मी नव्या डिस्क आणल्या, त्याही एकदम नाहीत. थोड्या आत्ता, थोड्या दोन-चार महिन्यांनी, वेगवेगळ्या दुकानांतून. एकाच खेपेच्या डिस्क एकाच सुमारास थकतात, हे मी नोकरीत पाहिलं होतं. यंत्राच्या आत डिस्क सांभाळणारं एक कार्ड होतं, तेही मी काढून टाकलं आणि त्याजागी साधं लावलं. बाबा बघत होते.

"चांगलं चालू हाय तं काहून काढून राह्यली?"

"ते कार्ड हुशार आहे बाबा, पण हिशेब सगळा स्वतःच्याच डोक्यात ठेवतं. उद्या ते मेलं की तसलंच दुसरं शोधत फिरा. माझ्या पद्धतीत प्रत्येक डिस्कवर तिची ओळख लिहून ठेवलेली असते. ती कोणत्याही खणात घाला, कोणत्याही यंत्रात घाला."

बाबांनी थोडा विचार केला. "म्हंजे तांबडी गाय कोन्त्याही खुट्याले बांधा, तांबडी ते तांबडीच."

"तेच."

मला एवढ्या थोडक्यात ते पुण्यातही कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा पंख्यांनी अशी बोंब मारली की आई स्वयंपाकघरातून पळत आली. "पीठगिरनी आनली का वो घरात?" मी ते छोटे कर्कश पंखे काढून मोठे, सावकाश फिरणारे बसवले. इथे कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगकडून येणारी बारीक रुई दाराखिडक्यांच्या फटींतून आत येते आणि पंख्यांच्या तोंडाशी जाड थरासारखी जमते. त्यावर आईने तिच्या जुन्या साडीची जाळी शिवून दिली, काढून धुता येईल अशी. वीज गेली की इन्व्हर्टरवर थोडा वेळ चालून यंत्र आपलं आपण शिस्तीत बंद होईल, ही सोय मी केली. आणि मी घरी नसताना बंद करायची वेळ आली तर काय करायचं, ते आईला शिकवलं. बटण एकदाच दाबायचं. दाबून धरायचं नाही. मग समोरचे दिवे विझेपर्यंत थांबायचं, तोवर कशाला हात लावायचा नाही. तिने माझ्यासमोर दोनदा करून दाखवलं.

त्या हिवाळ्यात बाबांनी एकेक कॅसेट शेवटची वाजवली. मी तारा जोडून दिल्या, बाकी सगळं त्यांनी केलं. रीळ तुटलं की जोडायचे, व्हीसीआरचं हेड स्पिरिटने पुसायचे, परत लावायचे. काही कॅसेट तर वाजता वाजताच मागून भुगा होत गेल्या. सगळं यंत्रात उतरलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने कपाट रिकामं केलं. नंतर म्हणाले, "आता माह्यापाशी काईच नाही. जे हाय ते तुह्या मशीनमदी."

"एक डिस्क मेली तरी काही होणार नाही बाबा, तिच्यातलं सगळं बाकीच्यांना ठाऊक असतं. दोन मेल्या तरी चालेल."

"आन तीन?"

"तीन एकदम मरत नाहीत."

ते "बरं" म्हणाले. बाबांचं "बरं" म्हणजे स्टँपपेपर. या सगळ्याची आणखी एक प्रत पुण्यात मैत्रिणीकडे ठेवायची, हे माझं ठरलेलं होतं. त्यासाठीची मोठी डिस्क मी दिवाळीच्या बोनसमधून घेणार होते.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस मी कामाने वाशिमला गेले आणि बाबा धनजला एका साखरपुड्याला. दुपारी मी एसटीने परत आले तर आई दारातच उभी. पदर खोचलेला, केसांत जळमट, आणि चेहरा असा खुललेला की काहीतरी चांगलं घडलंय असं वाटावं.

"झालं बाई सगळं एकदाचं. गाद्या, गोधड्या, तूर. तुह्या मशीनलेही ऊन दाखवलं."

"काय दाखवलं?"

"ऊन. आठही डबे काढले, गच्चीवर मांडले. पावसायाभर कोंदट खोलीत होते बिचारे, बुरशी धरली असती. पन वांदरं आले ना वो! एकानं चादर वढली, तं दोन डबे जिन्यावरून खाली गेले. बाकीचे म्या सुपात घालून आनले. पुसून, जसेच्या तसे लावले."

"कोणता कुठे होता, तसे?"

"आता ते मले काय मालूम? सारखेच तं दिसतात सगळे."

मग माझा आवाज सुटला, आणि तो बहुधा मार्केट यार्डापर्यंत गेला असावा. आई गोंधळली. तिला कळेना की तिने वर्षानुवर्षं केलं तेच केलं होतं, तर बिघडलं कुठे. तेवढ्यात बाबा आले, खांद्याला ट्रायपॉड. आईनेच त्यांना सांगितलं. "म्या बिघडवलं वाटते. डबे उन्हात ठेवले, दोन पडले."

बाबांनी ट्रायपॉड भिंतीला लावला. खाटेवर बसले. समोर ते जुनं कॅसेटचं कपाट होतं, त्यात आता गोधड्या होत्या. ते तिकडेच बघत राहिले. ते आईवर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"गेलं का सगळं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. नोकरीत अशा वेळी मी "तपासते" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. इथे फोन नव्हता. मी यंत्रासमोर बसले, एकेक खण बाहेर ओढला. डिस्क अजून कोमट होत्या. तिसऱ्या खणात तुरीचे चार दाणे निघाले. ते काढताना मला अचानक सुचलं, आणि मी मागे वळले.

"आई, काढायच्या आधी यंत्र बंद केलं होतंस?"

तिला राग आला. इतका वेळ ऐकून घेतलं होतं, पण हा आरोप तिला खपला नाही. "मंग? बटन दाबलं, एकडाव. दिवे इझूस्तोर उभी राह्यली. तवापर्यंत हात नाही लावला. तूनंच तं सांगतलं होतं."

"आणि परत लावल्यावर चालू केलंस?"

"कायले करू? गरम होते ते. म्हटलं तू आली की करशीन."

मी उठून तिला मिठी मारली. आमच्या घरात असली पद्धत नाही, त्यामुळे तिला ते ओरडण्यापेक्षाही विचित्र वाटलं. पण चालू यंत्रातून तिने ते आठ खण ओढले असते तर पुढे बोलण्यासारखं काही उरलं नसतं. तापलेल्या डिस्क तशाच फिरवल्या असत्या तरी मला धडकी भरली असती.

डिस्क गार होईपर्यंत आम्ही तिघं बसून राहिलो. चहा झाला, तो कुणी नीट प्यायला नाही. मग मी बटण दाबलं.

खण सगळे उलटेसुलटे झालेले, तरी यंत्राने एकेकीची ओळख वाचायला सुरुवात केली. पहिली सापडली. दुसरी, जी मुळात सहावी होती, तीही सापडली. एका खणातून टक टक असा आवाज यायला लागला आणि थांबला. दुसऱ्या एका खणाचा दिवा लागलाच नाही. बाकीच्या सहा हजर होत्या. पडद्यावर एका ओळीत आलं की संच जखमी आहे, पण चालू आहे.

"दोन गेल्या," मी बाबांना म्हटलं. "सहा आहेत. सगळं आहे."

"दोन चालतात म्हनलं होतं तूनं."

"हो. पण आता आणखी एक गेली तर काही राहणार नाही."

एक जास्तीची डिस्क मी घरात ठेवलेली होती, आईच्या साड्यांच्या घडीत. ती बसवली की उरलेल्या सहा मिळून तिला हरवलेलं सगळं परत सांगतात, पण त्यात त्यांची फार दमछाक होते. उन्हात भाजलेल्या, सुपातून आलेल्या डिस्क. त्यांच्यावर तो भार टाकायच्या आधी जेवढं निघेल तेवढं बाहेर काढून घ्यावं असं मला वाटलं. माझा लॅपटॉप होता, घरात दोन-तीन पेनड्राइव्ह होते. सगळं त्यात मावणार नव्हतं.

"बाबा, थोडंच मावेल. आधी कोणाचं काढू?"

बाबा डोळे मिटून सांगायला लागले.

"ज्याइच्या घरचे आता नाही, त्याइचं पह्यले. धनजचं घे, ज्याच्या मांडवाले वाऱ्यानं उडवलं ते. त्यातली नवरी लवकर गेली, पोरगं लहान होतं तवाच. मंग शिरपूरचं, नवरीच्या बापानं सारंगी वाजवली ते. मंग पुलापलीकडचं, जुळ्या बहिनीइचं. त्यातली एक नाही आता."

ते सांगत गेले आणि मी काढत गेले. ते एकदाही अडखळले नाहीत. कोणत्या लग्नात कोण हसलं होतं, कोण रुसून मांडवाबाहेर बसलं होतं, आणि त्यातलं आज कोण नाही, सगळं त्यांना पाठ होतं. मी इतकी वर्षं समजत होते की बाबांना कॅमेऱ्याचं वेड आहे. त्या दुपारी मला त्यांचा जो अभिमान वाटला, तो मी लपवायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. आईने डोळे पुसायला पदर पुढे केला.

शेवटी अगदी थोडी जागा उरली. "आपलं घेऊ का?" मी विचारलं. आमच्याही घरची एक फाईल होती. माझं बारसं, आजीचं गाणं, सगळं त्यात.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आपल्याले आपन हावो. त्या टोंगलाबादच्या रस्त्यावरल्या वस्तीचं घे."

मग मी नवी डिस्क खणात सरकवली. यंत्राने काम सुरू केलं. धनत्रयोदशी गेली, लक्ष्मीपूजन आलं. आईने बाकीच्या पूजेबरोबर त्याच्यापुढेही पणती लावली, पण हार घातला नाही. "हवा अडते," ती आल्यागेल्याला सांगत होती. बाबा येता-जाता खणांवर हात ठेवून बघायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी सारखी पडद्याकडे बघायचे आणि सारखी चिडायचे. पाडव्याला दुपारी जेवायला बसलो होतो तेव्हा ते पुरं झालं. मी ताटावरून उठून पाहून आले, आणि पुरणपोळी परत वाढायला सांगितली. सहाच्या सहा टिकल्या होत्या. दुकानं उघडल्यावर आठवी अमरावतीहून आणली. मैत्रिणीकडची प्रतही मग झाली.

जी यंत्रं तेव्हा भिंतीला टेकून उभी होती, त्यांचं बहुतेक पत्र्याच्या भावाने काहीतरी झालं असेल. त्यातलं एक आमच्या तालुक्याची लग्नं सांभाळून आहे, आणि माकडांच्या तावडीतून वाचलेलं आहे. साहेबांना हे एकदा सांगावं असं फार वाटतं.

दिवाळीनंतर धनजचा तो माणूस आला, ज्याच्या आईवडिलांच्या लग्नाचा मांडव उडाला होता. आता त्याची स्वतःची मुलगी शाळेत जायला लागली होती. तिने आजीला कधी पाहिलंच नव्हतं, तर दाखवावं म्हणून. बाबांनी त्याला आमच्याच टीव्हीवर सगळं लावून दिलं. मांडव उडाला, लोक पळाले, आणि एक तरुण नवरी मुंडावळ्या सावरत पोट धरून हसत राहिली. तो माणूस गुडघ्यावर हात ठेवून बघत होता. एकदा फक्त म्हणाला, "अशी हासे का ते?"

बाबांच्या व्हिडिओच्या शेवटी एक पाटी यायची, गुलाबाचं फूल, जोडलेले हात आणि खाली 'चित्रण' म्हणून त्यांचं नाव. तीच आली. पण या वेळी ती लगेच गेली नाही. खाली आणखी दोन ओळी उमटल्या, ज्या मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या.

राखण : आमची मुलगी
ऊन : मुलीची आई

मी बाबांकडे पाहिलं. ते रिमोटची बटणं फार लक्ष देऊन बघत होते. आई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिने ओळी पुन्हा वाचल्या.

"काहून लिहिलं असं? लोक हासतीन ना."

"हासू दे," बाबा म्हणाले.

धनजच्या माणसाला काही उमगलं नाही. त्याने विचारलं, "काकू, ऊन म्हंजे काय वो?"

आईने ट्रे खाली ठेवला, पदर नीट केला आणि यंत्राकडे बोट दाखवलं.

"दाखवू नोका कधी," ती म्हणाली. "आन दाखवाचंच असन, तं पह्यले बटन दाबाचं. एकडाव. मंग दिवे इझूस्तोर थांबा लागते."